रेषीय कार्यक्रमण

हाताशी असलेली मर्यादित साधने कशी वाटली असता नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी होईल, हे ठरवण्याची गणितीय पद्धत. अमेरिकी लष्करात पुरवठा व प्रशिक्षण यांच्या आखणीला ‘प्रोग्राम’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. संगणकाच्या आज्ञावलीशी त्याचा संबंध नाही. उद्दिष्ट आणि बंधने या दोन्ही गोष्टी एकघाती राशींत मांडलेल्या असतात, म्हणून ते ‘रेषीय’.

समजा, एका शेतकऱ्याकडे १० एकर जमीन व हंगामात २८ एकर-पाळ्या पुरेल इतके पाणी आहे (एका एकराला एकदा पाणी देणे म्हणजे एक पाळी). पहिल्या पिकाला एकरी २ पाळ्या लागतात व २० हजार रुपये नफा मिळतो. दुसऱ्याला ४ पाळ्या लागतात व ३० हजार मिळतात. ही बंधने आलेखावर काढली की शक्य उकलींचा एक बहुभुज तयार होतो, आणि सर्वोत्तम उकल असेल तर ती त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतेच. येथे तो कोपरा म्हणजे पहिले पीक ६ एकर, दुसरे ४ एकर. नफा २ लाख ४० हजार. याच गणिताच्या ‘द्वैत’ रूपातून टंचाईची किंमतही कळते: पाण्याची आणखी एक पाळी मिळाली तर नफा ५ हजारांनी वाढेल, म्हणून त्याहून महाग पाणी विकत घेणे परवडणार नाही. व्यवहारात ही ‘छाया किंमत’ अनेकदा मूळ उत्तराहूनही उपयोगी ठरते.

लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूड उद्योगाच्या प्रश्नावरून हा विचार मांडला. त्यासाठी त्यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यालिंग कूपमन्स यांच्यासह मिळाले. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये शोधलेली सिम्प्लेक्स पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्याकडे सरकते, आणि असा शेजारी उरला नाही की थांबते. तिची आरंभीची मोठी कसोटी आहाराच्या प्रश्नावर झाली. ७७ अन्नपदार्थांतून ९ पोषणघटकांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार जॉर्ज स्टिगलर यांनी अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलरचा काढला होता. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सिम्प्लेक्स पद्धतीने सुमारे १२० मनुष्यदिवस खर्चून नेमके उत्तर आले ३९.६९ डॉलर.

सिम्प्लेक्स पद्धत सहसा वेगवान असली, तरी काही रचनांत तिला सगळे कोपरे फिरावे लागतात, हे क्ली व मिंटी यांनी १९७२ मध्ये दाखवले. खाचियान यांच्या १९७९ च्या एलिप्सॉइड (लंबगोलाभ) पद्धतीला प्रश्न मोठा झाला तरी वेळ भरमसाट वाढणार नाही अशी हमी होती, पण व्यवहारात ती संथ ठरली. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत असताना कडेकडेने न जाता बहुफलकाच्या (अनेक चलांच्या प्रश्नात बहुभुजाची जागा घेणाऱ्या आकृतीच्या) आतून वाट काढणारी पद्धत दिली. हमी आणि वेग यांचा मेळ तिने घातला. आज कोपऱ्यांवरून जाणाऱ्या आणि आतून जाणाऱ्या अशा दोन्ही घराण्यांच्या पद्धती शेजारीशेजारी वापरल्या जातात.

तेलशुद्धीकरणातील इंधनमिश्रण, पशुखाद्याचे प्रमाण आणि गोदामांतून मालवाहतूक ही रेषीय कार्यक्रमणाची नित्याची क्षेत्रे होत. विमान किंवा कर्मचारी नेमताना मात्र अपूर्णांकी उत्तर चालत नाही. तेथे पूर्णांकी कार्यक्रमण लागते, आणि ते बरेच अवघड असते.