लेआउटवरची रात्र: खोलीतल्या दिव्यांचा इतिहास

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे छोट्या गाड्यांसाठी मांडलेले रूळ आणि भोवतालचा देखावा, चार भिंतींच्या आत असतो. तिथे ऊन पडायचं की रात्र, हे छतावरचे दिवे ठरवतात. हे दिवे खटकन बंद न करता हळूहळू उतरवत नेण्याची कल्पना मात्र छंदिष्टांच्या कितीतरी आधीची, आणि ती आली रंगमंचावरून.

लंडनमध्ये १७८१ साली चित्रकार फिलिप दे लूथरबर्ग याने एक छोटं यांत्रिक रंगमंच उभारलं. त्यात नट नव्हते. होती ती ग्रीनिचवरून दिसणारी पहाट, वादळं, मावळतीचं ऊन, आणि ते रंग यायचे दिव्यांपुढच्या रंगीत काचांतून. पुढे १८२२ मध्ये पॅरिसला डागेर आणि बूताँ यांनी ‘डायोरामा’ सुरू केला. भल्यामोठ्या चित्रांवर झडपांच्या उघडझापीने उजेड बदलायचा आणि बसल्या जागी प्रहर सरल्याचा भास व्हायचा. विजेच्या आधी एवढं साधलं होतं!

रेल्वेच्या छंदात ही दृष्टी आणली ती अमेरिकेतल्या फ्रँक एलिसनने. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘डेल्टा लाइन्स’ हा ओ स्केलचा (अमेरिकेत खऱ्याच्या एक-अठ्ठेचाळीसांश आकाराचा) लेआउट चालवताना तो लेआउटला रंगमंच आणि गाड्यांना नट मानायचा. मग प्रकाशयोजना ओघानेच आली. पेनसिल्व्हेनियात लॉरेन्स गिअरिंगरने १९३५ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ‘रोडसाइड अमेरिका’ हे छोटं गाव तर त्याच्या रात्रीच्या प्रयोगासाठीच अनेकांच्या लक्षात राहिलं. खोलीतला उजेड उतरायचा आणि खाली घराघरांतले दिवे लागायचे.

घरगुती छंदिष्टाला मात्र हे सहज जमत नव्हतं. तीसच्या दशकातले ‘व्हेरिअ‍ॅक’सारखे ऑटोट्रान्सफॉर्मर (विजेचा दाब कमीजास्त करणारी यंत्रं) उजेड सुरेख उतरवत, पण ते वजनदार होते. १९३८ मध्ये बाजारात आलेल्या ट्यूबलाइटने लेआउटभर सपाट, सावलीविरहित उजेड दिला खरा, पण साध्या चोकवर ती मंद करताच येत नसे. १९५९ मध्ये जोएल स्पायराने थायरिस्टर या अर्धवाहक स्विचवर चालणारा, भिंतीच्या स्विचबोर्डात मावेल असा डिमर (दिवा मंद करणारं उपकरण) तयार केला आणि साध्या बल्बचा प्रश्न सुटला.

अर्धाच सुटला म्हणायचा. बल्ब मंद केला की तो तांबडा होत जातो. संध्याकाळसाठी हे फुकटात मिळालेलं वरदान. रात्रीसाठी निरुपयोगी, कारण आपल्या डोळ्यांना चांदणं निळसर वाटतं. म्हणून निळे दिवे वेगळे टांगायचे, पांढरे उतरवताना ते चढवायचे, आणि डिमरच्या दोन्ही मुठी एकाच वेळी हाताने फिरवत बसायचं. माझ्या मते या विषयातली खरी अडचण काळोख करण्याची कधी नव्हतीच; रंगाची आणि संथपणाची होती.

नव्वदच्या दशकात तेजस्वी निळा एलईडी आला आणि लाल, हिरवा, निळा एकत्र करून हवा तो प्रहर रंगवता येऊ लागला. त्यांना हुकूम देण्याची भाषा रंगभूमीकडे तयार होतीच: १९८६ चं डीएमएक्स५१२, एका तारेवर ५१२ चॅनल आणि प्रत्येकाला उजेडाच्या २५६ पायऱ्या. हँबुर्गच्या २००१ पासूनच्या ‘मिनिएचर वुंडरलँड’ या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात संगणक साधारण पंधरा मिनिटांत दिवस-रात्र फिरवून आणतो. घरच्या लेआउटवर हे काम मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) करतो, बहुतेकदा फास्ट क्लॉकच्या, म्हणजे लेआउटसाठी मुद्दाम जलद धावणाऱ्या घड्याळाच्या, तालावर. घड्याळ सहापट वेगाने धावत असेल तर तासाभराचा सूर्यास्त दहा मिनिटांत उरकतो.

पण २५६ पायऱ्या रात्रीला पुरत नाहीत. दोनशेवरून दोनशे एकवर जाताना काही कळत नाही. एकवरून दोनवर जाताना उजेड दुप्पट होतो आणि पहाट ठेचकाळत उगवते. त्यामुळे जाणकार आता दिव्यांसाठी सोळा बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचे, ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे सर्किट) वापरतात. शिवाय गाडी चालवणाऱ्याला कोणती वॅगन कुठे न्यायची हे सांगणारी कार्डं वाचायची असतात, रुळांचे काटे दिसायला हवे असतात. म्हणून खऱ्या रेल्वेसारखी वाहतूक चालवायच्या लेआउटवर पूर्ण काळोख सहसा करत नाहीत. निळ्याची खालची मर्यादा बांधून ठेवतात आणि कार्डांच्या कप्प्यांवर छोटे आडोशाचे दिवे लावतात.