किडनीच्या रुग्णाचा डबा लावण्याआधी

आमचे डबे सांगली-मिरजेत घरोघरी आणि दवाखान्यांत जातात. किडनीच्या रुग्णासाठी डबा लावायला फोन आला की आम्ही आधी रिपोर्ट मागतो. "पथ्याचं काहीतरी मिळमिळीत द्या," एवढ्यावर आम्ही डबा सुरू करत नाही, कारण किडनीचं पथ्य सगळ्यांना एकच नसतं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम, फॉस्फरस, साखर आणि डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं पथ्य, एवढं पाठवा.

मीठ मात्र जवळपास सगळ्यांनाच कमी लागतं. दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आम्ही ते वजन करून घालतो. भाकरीच्या पिठात आणि भातात अजिबात नाही. चव लसूण, जिरं, मिरी, कोथिंबीर आणि लिंबाच्या दोन थेंबांवर आणतो. सोबत पापड-लोणचं नसतं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, आणि त्यातही सोडियमच. डबा आमचा आणि वरून घरचा खर्डा, भडंग असं झालं तर आमच्या मोजण्याला अर्थ राहत नाही.

एक कळकळीची विनंती. दुकानात मिळणारं 'लो सोडियम' मीठ किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम क्लोराईड असतं. थकलेली किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि जिवावर बेतू शकतं. सैंधवाचाही उपयोग नाही, ते तर बव्हंशी साधं मीठच.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर बटाटा, सुरण यांसारख्या भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळतो, ते पाणी ओतून देतो आणि मग फोडणी घालतो. आजाऱ्याला भेटायला येणारे मायेने शहाळं आणतात, आपल्याकडे बेदाणाही आणतात. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 190 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेवढ्याच बेदाण्यात 750 च्या आसपास. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला शहाळं आणि बेदाणा दोन्ही नको. पोटॅशियम ठीक असेल, तर फळं-भाज्या उगाच तोडू नका.

डाळीचा गोंधळ सर्वांत जास्त. डायलिसिस नसताना प्रथिनं साधारणपणे किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅमपर्यंत सांगतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 36 ते 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की गरज उलट वाढते, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. घरचे मात्र जुनंच पथ्य चालू ठेवतात, अंडी-डाळ बंद, आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. म्हणून डायलिसिस सुरू झाल्याचं आम्हाला त्याच दिवशी कळवा.

घरातल्या बाकीच्यांसाठी: किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांनी ज्वारीची भाकरी, डाळी-उसळी, पालेभाजी, फळं भरपूर आणि मीठ, कोल्ड्रिंक, पाकीटबंद खाणं कमी ठेवावं. असं जेवणाऱ्यांत किडनीचा आजार कमी आढळतो. शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या. सुरुवातीला काही दुखत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

नवा रिपोर्ट आला की त्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. संध्याकाळपर्यंत मिळाला तर दुसऱ्या दिवशीच्या डब्यात बदल करून देऊ.