पारा हटवला, पण ठेवायचा कुठे?

२००६ साली मनिलाजवळच्या पारान्याके शहरातल्या एका शाळेत प्रयोगासाठी आणलेला पारा मुलांच्या हाती लागला. मुलं त्याच्याशी खेळली, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, शाळा बंद ठेवावी लागली. जुलै २००८ मध्ये फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने आदेश काढला : सरकारी असो वा खासगी, सगळ्या रुग्णालयांनी सप्टेंबर २०१० पर्यंत पारा हद्दपार करायचा. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी यंत्रं बनवणं व आयात करणं थांबवण्यासाठी मिनामाता कराराने, म्हणजे पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने, जगाला दिलेली मुदत २०२० ची. भारताने तर ती २०२५ पर्यंत वाढवून घेतली. फिलिपिन्स बराच पुढे होता.

थर्मामीटर फुटून पारा पोटात गेला की घरात हलकल्लोळ होतो. खरं तर आतड्यातून हा पारा जवळजवळ शोषलाच जात नाही. धोका वाफेचा. तिला ना रंग ना वास, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून थेट रक्तात उतरतो. तिथून मेंदू आणि मूत्रपिंडं गाठतो. तापमान २० अंशांवरून ३० वर गेलं की वाफेचा दाब दुपटीहून अधिक होतो, म्हणजे मनिलाच्या उकाड्यात प्रकरण आणखी अवघड. सांडलेला पारा झाडूने लोटला तर एका थेंबाचे शंभर होतात आणि वाफ वाढते. जाड कागदाने थेंब एकत्र करावेत, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत.

थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर, बीपी यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास. आणि डॉक्टरांचा जीव अडकतो तो नेमका याच यंत्रात. त्याच्याऐवजी येणाऱ्या, बिनपाऱ्याच्या काट्याच्या यंत्रातली स्प्रिंग कालांतराने सैलावते, आकडे चुकतात, ही तक्रार खोटी नाही. पण ते यंत्र ठरावीक काळाने तपासून घेतलं तर भागतं. आपण तपासत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पुढची. काढून टाकलेल्या यंत्रांतला पारा हे मूलद्रव्य. त्याला नष्ट करता येत नाही. जाळला तर धुराबरोबर वर जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. त्यातून फिलिपिन्सने कचरा जाळण्यावर १९९९ च्या कायद्यानेच बंदी घातलेली. मग यंत्रं खोक्यांत भरून रुग्णालयांच्याच कोठारांत पडून राहिली. उपाय आहे : पाऱ्याचा गंधकाशी संयोग घडवून सल्फाइड करायचं, म्हणजे ज्या खनिजातून पारा काढतात तो खाणीतला हिंगूळच पुन्हा तयार करायचा. तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, वाफही सोडत नाही, खोल कोरड्या मिठाच्या खाणीत पुरता येतो. मात्र त्यासाठी कारखाना हवा, खाण हवी, आणि दोन्हींचा खर्च कोणाच्या माथी मारायचा हेही ठरायला हवं.