‘मसाया’मागचा हेंडेल

नाताळ जवळ आला की जगभर ‘हालेलुया’ हे समूहगान घुमू लागतं. आपल्याकडे मुंबई-गोव्यातल्या चर्चच्या गायकवृंदांनाही ते परकं नाही. ते ज्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओतलं (अभिनयाशिवाय गायली जाणारी, बहुधा धार्मिक विषयावरची मोठी संगीतरचना) आहे, त्याच्याबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते: संगीतकार जॉर्ज फ्रेडरिक हेंडेलला दैवी प्रेरणा झाली आणि त्याने अवघ्या चोवीस दिवसांत सगळं लिहून काढलं. तारखा खऱ्या आहेत, २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१. पण हेंडेल नेहमीच झपाट्याने लिहीत असे. ‘मसाया’ हातावेगळा करून लगेच तो ‘सॅमसन’ या पुढच्या ऑरेटोरिओच्या मागे लागला. मला त्या वेगापेक्षा मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी: ही रचना पहिल्यांदा कुणासाठी गायली गेली, आणि लंडनने तिच्याकडे पाठ फिरवल्यावर ती कुणाच्या आधाराने जगली.

हेंडेलचा जन्म १६८५ चा, जर्मनीतल्या हाले गावचा. वडील शस्त्रवैद्य. मुलाने वकील व्हावं अशी त्यांची इच्छा, पण तो बारा वर्षांचाही नसताना ते वारले. हॅम्बुर्ग, मग इटली असा प्रवास करत तो लंडनला पोचला, १७११ मध्ये ‘रिनाल्डो’ या ऑपेराने त्याने शहर जिंकलं आणि तिथलाच झाला. इटालियन ऑपेरा हा तेव्हा राजेरजवाड्यांच्या पैशांवर चालणारा महागडा खेळ होता. १७३३ मध्ये उमरावांनी त्याच्याविरुद्ध दुसरी ऑपेरा कंपनी उभी केली. प्रेक्षक वाटले गेले आणि चार वर्षांत दोन्ही बाजू थकल्या.

एप्रिल १७३७ मध्ये हेंडेलचा उजवा हात लुळा पडला. वय बावन्न. ज्याचा हात हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गन या पट्ट्यांच्या वाद्यांवर चालायचा, त्याच्यासाठी हा घाला काय असेल! जर्मनीतल्या आखेनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत उपचार घेऊन तो काही महिन्यांत बरा होऊन परतला आणि पुन्हा कामाला लागला.

याच सुमाराला लंडनच्या वादकांना एक दृश्य हलवून गेलं. किच नावाचा, ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा नामांकित वादक कंगाल अवस्थेत वारला होता. त्याची मुलं हेमार्केटच्या रस्त्यावर दुधासाठी पाळलेल्या गाढविणी हाकताना काही सहकाऱ्यांना दिसली, असं सांगतात. त्यातून १७३८ मध्ये विपन्न संगीतकार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एक निधी उभा राहिला. संस्थापक सभासदांत हेंडेल होता. आपले कार्यक्रम त्याने या निधीसाठी दिले आणि मृत्युपत्रात त्याच्या नावे १००० पौंड ठेवले. आजारातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मोडलेल्या संसाराची कळ लवकर कळते, असं मला वाटतं.

‘मसाया’ची संहिता चार्ल्स जेनन्स या जमीनदार मित्राने बायबलमधल्या वचनांतून बांधली होती. डब्लिनचं बोलावणं आलं तेव्हा हेंडेल ती घेऊन आयर्लंडला गेला. १३ एप्रिल १७४२ ला फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या सभागृहात पहिला प्रयोग झाला. गर्दी इतकी अपेक्षित होती, की स्त्रियांनी घेरदार झग्यांखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती आधीच छापून आली होती. सुमारे सातशे माणसं मावली. जमलेले जवळपास ४०० पौंड तीन ठिकाणी वाटले गेले: मर्सर्स हॉस्पिटल, गरिबांचा धर्मार्थ दवाखाना आणि तुरुंगातले कर्जदार. तेव्हा कर्ज थकलं की माणूस गजाआड जायचा आणि फेडेपर्यंत तिथेच सडायचा. कमवायची सोय नाही, म्हणून फेडायचीही नाही. त्या पैशातून १४२ जण सुटले.

त्या प्रयोगात सुझॅना सिबर ही नटी गायली. नवऱ्याने तिच्या प्रियकरावर खटला भरून लंडनच्या कोर्टात तिच्या खाजगी आयुष्याची लक्तरं टांगली होती, त्याला थोडीच वर्षं झाली होती. तिच्या वाट्याला आलं माणसांनी झिडकारलेल्या, दुःखाची ओळख असलेल्या पुरुषाचं, म्हणजे ख्रिस्ताचं गाणं. ते ऐकून रेव्हरंड डिलेनी हे धर्मगुरू सभागृहातच उठून उद्गारले, बाई, एवढ्यासाठी तुझी सगळी पापं माफ होवोत! समाजाने नाकारलेल्या गळ्यातून नाकारलेल्याची व्यथा आली, यातच त्या गाण्याची ताकद आहे.

लंडनला १७४३ मध्ये मात्र ‘मसाया’ची थंड दखल घेतली गेली. नाटकगृहात, नटनट्यांच्या तोंडी बायबलची वचनं? धार्मिकांना ते खपेना. जाहिरातीत शीर्षक गाळून नुसता ‘नवा पवित्र ऑरेटोरिओ’ म्हणावं लागलं. पुढची काही वर्षं त्याचे मोजकेच प्रयोग झाले.

त्याला घर मिळालं ते फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये. नावात हॉस्पिटल असलं तरी ते टाकून दिलेल्या मुलांचं आश्रयस्थान होतं. थॉमस कोरम या दर्यावर्दी व्यापाऱ्याने लंडनच्या रस्त्यांवर मरणारी तान्ही मुलं पाहून सतरा वर्षं खटपट केली, तेव्हा १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली. दाराशी आलेल्या आया जागांपेक्षा इतक्या जास्त, की पिशवीतून चेंडू उचलायला लावत: पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर परत. पुढेमागे ओळख पटावी म्हणून आया कापडाचा तुकडा, कोरलेलं नाणं असं काही मुलासोबत ठेवत.

१७४९ मध्ये हेंडेलने या संस्थेसाठी कार्यक्रम केला, तिथल्या चॅपलला (प्रार्थनागृहाला) ऑर्गन देऊ केला, आणि १ मे १७५० ला तिथे ‘मसाया’ झाला. इतके लोक परत पाठवावे लागले की पंधरवड्यात पुन्हा करावा लागला. मग तो दरवर्षी होऊ लागला. रंगमंचावर खटकणारी तीच वचनं टाकलेल्या मुलांच्या चॅपलमध्ये कुणाला खटकली नाहीत. कालांतराने संस्थेला या प्रयोगांतून सुमारे ७००० पौंड मिळाले. पण हे नुसतं दान नव्हतं. ‘मसाया’ला लोकमान्यता इथून मिळाली, त्यामुळे माझ्या मते देणं दोन्ही बाजूंचं आहे.

दरम्यान त्याची दृष्टी जात होती. १३ फेब्रुवारी १७५१ ला ‘जेफ्था’ या ऑरेटोरिओच्या हस्तलिखितात त्याने जर्मनमध्ये टिपलं, की डाव्या डोळ्यामुळे पुढे लिहिता येत नाही. ज्या समूहगानात तो थांबला त्याचे शब्द ईश्वराच्या अगम्य, अंधाऱ्या इच्छेबद्दलचे आहेत. दहा दिवसांनी, आपल्या वाढदिवशी, त्याने पुन्हा लेखणी उचलली आणि ऑगस्टअखेर रचना पुरी केली. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. पूर्ण आंधळा झाल्यावरही तो ऑर्गन वाजवत राहिला. ६ एप्रिल १७५९ च्या ‘मसाया’ला तो हजर होता, आठ दिवसांनी गेला.

या करुणेला एक काळी बाजूही आहे, आणि ती लपवू नये. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या खातेवह्यांत शेअरधारक म्हणून हेंडेलचं नाव सापडलं आहे. कर्जदार कैद्यासाठी द्रवणाऱ्या त्या लंडनला जहाजांच्या तळाशी साखळदंडात बांधलेली माणसं दिसत नव्हती, आणि हेंडेल त्याच लंडनचा होता.

मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने ‘मसाया’ची स्वच्छ प्रत आणि वादक-गायकांच्या आपापल्या भागांच्या सगळ्या सुट्या स्वरलिपी फाउंडलिंग हॉस्पिटलला दिल्या. संस्थेने १७५४ च्या प्रयोगाचा हिशेबही जपून ठेवला: कोण गायलं, किती व्हायोलिन, किती ओबो, कुणाला किती बिदागी. हेंडेलच्या काळात ‘मसाया’ प्रत्यक्ष कसा वाजत असे, हे ठरवताना आजचे संगीतकार त्याच कागदांचा आधार घेतात.