ड्रमचं हार्डवेअर : धातू, घडण आणि कोल्हापूरचं जॉबवर्क

ड्रमचं शेल (गोल सांगाडा) आणि वरचं पान बाजूला ठेवलं की जे उरतं ते सगळं हार्डवेअर. रिम (पान दाबून धरणारं कडं), शेलवर बसवलेले लग (रॉड धरणारे छोटे ठोकळे), त्यात आवळायचे टेन्शन रॉड, स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा ताणायचा खटका, वॉशर, स्टँड वगैरे. मोठ्या कंपन्या हे हजारोंनी काढतात, पण कस्टम ड्रम मेकरला एका वेळी मोजकेच नग लागतात आणि कुठला धातू, कुठली पद्धत हे बऱ्याच वेळा आवाजाच्या आधी ही नगांची संख्याच ठरवून टाकते.

कंपनीचा लग बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा, म्हणजे झमॅकचा. तो साधारण ३८०-३९० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे स्टीलची डाय (साचा) भरपूर काळ टिकते आणि पातळ भिंतीचा, आतून पोकळ लग एका झटक्यात बाहेर पडतो. पण ती डाय महाग, तिचा खर्च वीस-तीस लगांवर चढवला तर ड्रम कोण घेणार? म्हणून छोटा मेकर सरळ पितळ नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा बार घेतो आणि लेथवर किंवा व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) कापतो. कोल्हापूरकराला हे समजवायची गरज नाही, शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात असलं जॉबवर्क रोजचंच आहे. इथली जुनी ओळख बिडाच्या ओतकामाची, ऑइल इंजिनाच्या पार्टांची, पण लगला बीड घेऊ नये, जड असतं आणि ठिसूळ.

खरी गंमत आट्यांमध्ये आहे. ड्रमच्या रॉडचं सगळ्यात प्रचलित माप १२-२४, म्हणजे व्यास ५.४९ मिमी आणि इंचाला २४ आटे. आपल्या दुकानात सहज मिळतो तो एम५ नाहीतर एम६, आणि हे माप नेमकं दोघांच्या मधलं, त्यामुळे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) वेगळा मागवावाच लागतो (काही युरोपियन ड्रमना मेट्रिक आटे असतात, ते आधी तपासावं). पितळी बारला सेंटर मारायचा, ४.५ मिमीचं ड्रिल घालायचं, मग टॅप सरळ उतरवायचा, तेल सोडत. आयएस ३१९ या भारतीय मानकाची फ्री-कटिंग पितळी सळी घेतली तर त्यात थोडं शिसं असल्यामुळे चिपा तुटून पडतात आणि आटा स्वच्छ येतो. टॅप जरा तिरका गेला की रॉड एका बाजूला घासतो, किल्ली फिरवताना कचकच होते, आणि मग वाजवणारा सूर लावताना पानाचा ताण ओळखू शकत नाही. एका पूर्ण फेऱ्याला रॉड साधारण १.०६ मिमी सरकतो, सूर पाव फेऱ्याच्या आत बदलतो, त्यामुळे इथली ढिलाई लगेच ऐकू येते. स्टीलचा रॉड पितळेच्या नटात छान फिरतो, पण स्टेनलेसमध्ये स्टेनलेस घातलं तर आटे एकमेकांना चिकटून जॅम होतात. रॉडचे आटे कापण्यापेक्षा रोल केलेले (दाबून उमटवलेले) कधीही बरे, जास्त मजबूत आणि गुळगुळीत.

रिम मात्र बहुतेक मेकर तयारच घेतात. १.६ किंवा २.३ मिमी स्टीलची पट्टी वाकवून, जोडून, कडा मुडपायला खास रोल लागतात. डायकास्ट (डायमध्ये ओतलेली) रिम कडक असते, त्यामुळे नाद आटोपशीर येतो आणि रिमशॉट (पान आणि रिमवर एकदम मारलेला ठोका) टणक.

प्लेटिंगवर पैसे वाचवू नयेत, हे माझं ठाम मत. झमॅकवर आधी तांबं, मग निकेल, वर क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल, आणि बफिंग नीट नसेल तर वरची चमक प्रत्येक ओरखडा दाखवते. क्रोमचं सांडपाणी विषारी असतं, ते प्रक्रिया करूनच सोडलं पाहिजे, पंचगंगेच्या काठी तर जास्तच.

आपल्याकडच्या नट-बोल्टच्या ताशालाही हेच नियम लागू. गणपतीत तासन् तास वाजवताना सैल नट सरकतो आणि मिरवणुकीत पाना शोधत बसावं लागतं. हलगी शेकून ताणतात, तिला हा प्रश्न नाही, पण बोल्टवाली हलगी करायची असेल तर कड्याला भोकं पाडताना सगळी सारख्या अंतरावर यायला हवीत, नाहीतर पान एका बाजूला ओढलं जातं.