रूळ खिळ्यांनी आवळला की गाडी घसरत नाही?

टिळकवाडीच्या रेल्वे गेटांपाशी गाड्या बघत वाढलेल्या बेळगावच्या हौशी मंडळींत एक समज पक्का आहे: मॉडेल रेल्वेचा रूळ खिळे हाणून जितका घट्ट बसवाल, तितकी गाडी कमी घसरेल. खरं तर उलट होतं. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. रुळांखालच्या आडव्या प्लास्टिक पट्टीच्या, म्हणजे स्लीपरच्या, मधोमध खिळा जादा ठोकला की स्लीपर खोलगट वाकतो, रूळ आत कलतात, अंतर आवळतं आणि चाक वर चढतं. मग शिव्या बिचाऱ्या इंजिनाला! खिळ्याच्या डोक्याखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवा. रुळांच्या सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर कड कानशीने घासा. वळणावर सांधा येत असेल, तर लवचीक रूळ सरळ असतानाच सोल्डर करा, वाकवा नंतर.