हंबनटोटा बंदर चीनने खरंच ‘जप्त’ केलं का?

‘कर्ज थकलं म्हणून चीनने श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर जप्त केलं’ हा मेसेज अजूनही फिरतोय. जप्ती झाली असती तर कर्ज तेवढ्याने कमी झालं असतं. ते झालंच नाही.

बंदर बांधणीच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने 30.7 कोटी डॉलर दिले, व्याज 6.3 टक्के. 2010 मध्ये बंदर सुरू झालं, पण जहाजं फिरकेनात. आंतरराष्ट्रीय सागरी मार्ग हाकेच्या अंतरावर असूनही कंटेनरची चढउतार कोलंबोतच होत राहिली. तोटा साचला. 2017 मध्ये ‘चायना मर्चंट्स पोर्ट’ या चिनी सरकारी कंपनीने 112 कोटी डॉलर मोजून बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. हे पैसे एक्झिम बँकेला गेले नाहीत. श्रीलंकेने ते परकीय गंगाजळीत घेतले आणि बंदराचं कर्ज सरकारच्या माथी तसंच राहिलं. तेव्हा खरा फास होता तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा. परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच होता.

म्हणून चीन अगदी निरागस, असंही नाही. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे चिनी जहाज हंबनटोटात यायचं होतं; म्हणायला संशोधन जहाज, पण उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारं. भारताने आक्षेप घेतल्यावर कोलंबोने भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि काही दिवसांतच परवानगीही दिली. पुढे 2024 साठी श्रीलंकेने सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. कुणाचंही नाव न घेता!